पाहुण्यांत राहून लग्नाचे कॅन्डिड फोटो : तयारीपासून फोटो सुपूर्द करेपर्यंतच्या नोंदी

लग्नाला व्यावसायिक फोटोग्राफर ठरलेला आहे. स्टेजवरचे, ग्रुपचे आणि विधींचे फोटो तो काढणार. इथल्या नोंदी दुसऱ्या कामाच्या आहेत: पाहुण्यांत मिसळून, कोणालाही उभं न करता, फ्लॅश न वापरता फोटो काढणं. साहित्य असं: २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) मिररलेस बॉडी म्हणजे लेन्सविना कॅमेरा, लेन्स ५० मिमी एफ/१.८, ३५ मिमी एफ/१.८, बॉडीसोबत आलेली १८-५५ मिमी झूम आणि उसनी आणलेली तशीच दुसरी बॉडी. दोन्ही बॉडींना कार्डाचा एकच खाचा आहे.

लग्नाला २१ दिवस

आधी भूमिका ठरवली. नवरा-नवरीला तीन प्रश्न विचारले. कोणाचे फोटो काढायचे नाहीत? लहान मुलांच्या आईवडिलांपैकी कोणाची हरकत आहे का? फोटो शेवटी कोण कोण पाहणार? पहिल्या प्रश्नाला दोन नावं मिळाली, ती चेहऱ्यांसकट लक्षात ठेवली. हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ऐन लग्नात कोणी हात आडवा धरण्यापेक्षा आधीचं हे बोलणं सोपं.

मुख्य फोटोग्राफरशी फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं. त्याने स्पष्ट सांगितलं की ग्रुप फोटो चालू असताना त्याच्या मागे दुसरा कॅमेरा नको. दोन कॅमेरे दिसले की निम्मे लोक एकीकडे बघतात, निम्मे दुसरीकडे, आणि त्याचा फोटो फुकट जातो. विधींच्या वेळी मधली वाट त्याची आणि व्हिडिओवाल्याची. उरलेली जागा मोकळी. ही अट फायद्याचीच ठरली, कारण कॅन्डिडसाठी मधली वाट लागत नाही.

लग्नाला १८ दिवस

लेन्स निवडली. मोह १८-५५ चा होता, एकाच लेन्समध्ये सगळं. पण ५५ मिमीवर तिचं अ‍ॅपर्चर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ/१.८ आणि एफ/५.६ यांत उजेडाचा जवळजवळ दहापट फरक आहे. संध्याकाळी घरातल्या दिव्यांत १/२५० सेकंद शटरला ५० मिमीने आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० वर जो फोटो आला, त्यासाठी १८-५५ ला आयएसओ १६००० लागला. तिथेच निर्णय झाला.

५० मिमी एका बॉडीवर, ३५ मिमी दुसऱ्यावर. एपीएस-सीवर ५० मिमी म्हणजे फुल-फ्रेमच्या ७५ मिमीसारखा कोन, तीन-चार मीटरवरून दोन माणसं छातीपर्यंत येतात. ३५ मिमी गर्दीत, हातभर अंतरावर कामाचा. लांब झूम मुद्दाम टाळला. वीस मीटरवरून घेतलेला चेहरा चोरून काढल्यासारखा दिसतो, आणि मध्ये कोणाचा तरी खांदा येतोच.

लग्नाला १४ दिवस

शटर स्पीडची चाचणी. चालणारी, हसणारी, हात हलवून बोलणारी दोन माणसं, अंतर ३ मीटर, प्रत्येक वेगाला २० फ्रेम. १०० टक्के मोठं करून तपासलं. १/६० ला ४ फ्रेम स्वच्छ, १/१२५ ला ११, १/२५० ला १८, १/५०० ला वीसच्या वीस.

१/१२५ पुरेल असा अंदाज होता, तो चुकला. हसताना डोकं किती झटकन हलतं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन चालू होतं, त्याचा इथे काही उपयोग झाला नाही. ते आपल्या हाताचा कंप थांबवतं, समोरच्याची हालचाल नाही. हे माहीत असूनही पहिल्या फेरीत त्याच्या भरवशावर १/६० ठेवला गेला.

ठरलेली सेटिंग: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, किमान शटर १/२५०, कमाल आयएसओ ६४००. नाचासाठी किमान १/५००. नॉइज (जास्त आयएसओला येणारा दाणा) नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा काही केल्या परत येत नाही.

याच चाचणीत अ‍ॅपर्चरही बघून घेतलं. ५० मिमी, एफ/१.८, अंतर दीड मीटर: फोकसची खोली जेमतेम साडेसहा सेंटीमीटर. चेहरा थोडा तिरका असला तर एक डोळा नेमका, दुसरा मऊ. ३ मीटरवर एफ/२.८ ला तीच खोली ४० सेंटीमीटरच्या आसपास जाते आणि शेजारी बसलेली दोन माणसं तिच्यात मावतात. म्हणून एफ/२.८ हे नेहमीचं, एफ/१.८ फक्त एकट्या चेहऱ्याला किंवा उजेड संपल्यावर.

लग्नाला १० दिवस

ज्या वेळी लग्न आहे त्याच वेळी हॉल बघितला. ही फेरी चुकवू नये. दोन तास गेले, पण लग्नाच्या दिवशी सगळ्यात जास्त कामी आलं ते हेच.

उजेडाचा कच्चा नकाशा काढला. डावीकडे तीन मोठ्या खिडक्या, त्यांच्यापासून दोन-अडीच मीटरपर्यंत मऊ उजेड. स्टेजवर पांढरे एलईडी. बसायच्या जागेवर पिवळट दिवे, तिथे स्टेजपेक्षा दोन स्टॉप अंधार (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आकड्यांत सांगायचं तर स्टेजवर एफ/२.८, १/२५०, आयएसओ ३२००. खुर्च्यांवर एफ/२, १/२५०, आयएसओ ६४००. प्रवेशद्वार थेट बाहेरच्या उन्हाकडे उघडतं, म्हणजे आत येणाऱ्यांचे चेहरे काळे पडणार.

मग सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर तपासलं आणि गडबड कळली. आवाज नाही म्हणून दिवसभर तेच वापरायचा बेत होता. हॉलच्या दिव्यांत प्रत्येक फ्रेमवर आडवे काळपट पट्टे आले. कारण साधं आहे. ५० हर्ट्झ विजेवरचे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. फ्रेममध्ये पाच पट्टे मोजले, म्हणजे या बॉडीला पूर्ण सेन्सर वाचायला साधारण १/२० सेकंद लागतो. १/१०० किंवा १/५० शटरला पट्टे जातात, कारण प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण हेलकावा मिळतो. पण त्या वेगाला माणसं हलतात. (६० हर्ट्झच्या विजेवर हे आकडे १/१२० आणि १/६० होतात. बॉडीत १/१२० नसेल तर १/१२५ चालतं.)

तोडगा: मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर चालू. यात बॉडी दिव्याच्या उजळ क्षणाची वाट बघून शटर सोडते. बर्स्टचा (सलग फोटोंचा) वेग थोडा पडतो, पण फ्रेम सारख्या उजळ येतात. ही सोय १०० आणि १२० हर्ट्झचाच हेलकावा ओळखते. डिमरवर मंद केलेल्या एलईडीपुढे ती हतबल ठरली, त्या कोपऱ्यात फोटो काढायचे नाहीत असं ठरवून मोकळं झालो. सायलेंट शटर फक्त खिडकीच्या उजेडात.

लग्नाला ६ दिवस

ओळखीच्यांच्या छोट्या जमावात सराव. दोन तासांत ४२० फ्रेम, धडाचे ३१.

पहिली चूक म्हणजे एकामागून एक माणसाकडे कॅमेरा घेऊन जाणं. कॅमेरा जवळ आला की माणूस बोलणं थांबवतो, केस सारखे करतो आणि हसतो. तो फोटो वाईट नसतो, पण कॅन्डिड नसतो. दुसऱ्या तासात पद्धत बदलली. उजेड चांगला असलेल्या एका जागी भिंतीला टेकून उभं राहायचं, कॅमेरा छातीशी धरायचा, आसपासच्यांशी गप्पा मारायच्या. दहा-पंधरा मिनिटांत लोक कॅमेरा विसरतात. ३१ पैकी २६ फोटो दुसऱ्या तासातले निघाले.

दुसरी चूक फोकसची. कॅमेऱ्याला सगळीकडचे चेहरे शोधायची मुभा दिली की तो जवळचा चेहरा पकडतो, आपल्याला मागची आजी हवी असते. आता छोटा झोन, जॉयस्टिकने हलवायचा, कंटिन्युअस ऑटोफोकस आणि झोनच्या आतच डोळा ओळखणं. फोकस मागच्या बटणावर घेतला, शटर बटण फक्त फोटोसाठी. याची बोटांना सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी हा बदल करू नये.

बीप, फोकसचा मदतीचा लाल दिवा आणि फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसणारा फोटो, तिन्ही बंद केलं. मागची स्क्रीन चमकली की अंधाऱ्या हॉलमध्ये सगळ्यांच्या माना वळतात. बॉडीवरच्या चकचकीत अक्षरांवर काळी चिकटपट्टी लावली. आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाच्या चकाकणाऱ्या भागांना काळी पट्टी लावत असे. बॉडी काळीच असली तरी तिच्यावरची पांढरी अक्षरं दिव्यात डोळ्यांत भरतात.

लग्नाला १ दिवस

चार बॅटऱ्या पूर्ण चार्ज. अशा बॉडीत एका बॅटरीवर ३०० ते ४०० फ्रेम धराव्यात. चार ६४ जीबी कार्डं, प्रत्येकावर क्रमांक. रॉ फाइल (सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली नोंद) साधारण २५ एमबी, म्हणजे एका कार्डावर अडीच हजारांच्या आसपास फ्रेम मावतात. तरी दिवस एकाच कार्डावर काढायचा नाही. खाचा एकच असल्याने कार्ड बिघडलं तर त्यावरचं सगळं जातं, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर कार्ड बदलायचं. भरलेलं कार्ड उलटं करून डबीत, रिकामं सुलटं.

कार्डं प्रत्येक बॉडीत घालून तिथेच फॉरमॅट केली. दोन्ही लेन्सच्या तोंडावर हूड म्हणजे कडं. हूड ऊन अडवतो त्याहून जास्त गर्दीतले धक्के अडवतो.

दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलच्या सेकंदासह दिसणाऱ्या घड्याळाचा एकेक फोटो काढून ठेवला. घड्याळं जुळवायची मात्र राहिली. त्याबद्दल पुढे येईलच.

लग्नाचा दिवस, सकाळी ७:३० : तयारीची खोली

खोलीत शिरल्यावर पहिलं काम छतावरचे दिवे बंद करायला परवानगी मागणं. खिडकीचा थंड उजेड आणि दिव्याचा पिवळा एकाच चेहऱ्यावर पडला की अर्धा गाल निळा, अर्धा नारिंगी होतो आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल) कुठलाही ठेवला तरी एक बाजू चुकीचीच राहते. दिवे बंद केल्यावर फक्त खिडकी उरली. नवरीची खुर्ची खिडकीपासून मीटरभर आणि तिरकी ठेवायला सांगितलं. दिवसभरात मुद्दाम हलवलेली वस्तू एवढीच.

एफ/२, १/२५०, आयएसओ ८०० ते १२५०. फिके कपडे आणि पांढरी भिंत असल्याने मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो, म्हणून एक्स्पोजर +०.७, म्हणजे कॅमेरा ठरवतो त्याहून तेवढे स्टॉप उजळ.

काय बिघडलं: मागच्या पलंगावर पिशव्या, चार्जर, रिकामे खोके. पहिल्या ४० फ्रेममध्ये कुठे ना कुठे पिशवीचा बंद आला. आधी पाच मिनिटं काढून सामान खिडकीच्याच भिंतीला, कॅमेऱ्याच्या पाठीमागे सरकवायला हवं होतं. नंतर तेच केलं.

आरशातून काढताना फोकस चौकटीच्या कडेवर किंवा काचेवरच्या डागांवर जाऊन बसतो. झोन थेट प्रतिबिंबातल्या डोळ्यावर नेला तेव्हा जमलं. आरशात फोकसचं अंतर आरशापर्यंतचं अधिक आरशापासून चेहऱ्यापर्यंतचं असं दोन्ही मिळून असतं, त्यामुळे आरशाची चौकट मऊ होणारच.

सकाळी ९:४५ : पाहुण्यांचं आगमन

दारातून येणाऱ्यांच्या पाठीशी ऊन. +१.३ करूनही चेहरे मळकट. दाराच्या आत तीन पावलांवर, जिथे डावीकडच्या खिडकीचा उजेड पोचतो, तिथे फोकस ठरवून थांबणं हा उपाय. लोक नेमके तिथेच एकमेकांना भेटतात, कारण दारातच थांबलं तर मागचे अडतात. मिठीचा फोटो मिठी पडायच्या आधी अर्ध्या सेकंदात असतो, हात पसरलेले आणि दोन्ही चेहरे दिसताहेत अशा वेळी. मिठी पडली की एक पाठ आणि एक डोकं उरतं. समोरासमोर येणाऱ्या दोघांच्या मध्यरेषेला काटकोनात उभं राहिलं तर दोन्ही चेहरे मिळतात.

तीन फ्रेमचे छोटे बर्स्ट. सलग बटण दाबून धरल्यावर २० फ्रेमनंतर बॉडीचा बफर (फोटो तात्पुरते साठवायची जागा) भरला आणि सात-आठ सेकंद कॅमेरा अडकला. तेवढ्यात दोन जुन्या मैत्रिणी भेटून पुढे निघूनही गेल्या.

सकाळी ११:१० : मुख्य विधी

दिवसातला सगळ्यात मोठा तोटा इथे झाला.

जागा चांगली होती: स्टेजच्या उजव्या अंगाला, तिसऱ्या रांगेच्या टोकाला, पाठ भिंतीला, मुख्य फोटोग्राफरच्या चौकटीबाहेर. त्याचे दोन्ही कॅमेरे नवरा-नवरीवर होते. इथून कॅमेरा उलट्या दिशेला, बसलेल्यांवर. आईचा चेहरा, बोटं घट्ट धरलेला धाकटा भाऊ, मागच्या रांगेत टाचा उंचावून बघणारी मुलगी. हे दुसरं कोणी टिपत नसतं, आणि पाहुण्याच्या कॅमेऱ्याचं खरं काम तेच आहे.

पण हॉलच्या मागच्या अंधारात एका स्तब्ध बसलेल्या माणसासाठी किमान शटर १/६० वर आणला होता आणि तो परत वर न्यायचा राहिला. स्क्रीनवरचा फोटो बंद, त्यामुळे कळायला मार्ग नाही. २३ मिनिटं त्याच शटरवर गेली. व्ह्यूफाइंडरच्या तळाशी १/६० लिहिलेलं होतं, पण नजर चेहऱ्यावर असते. १४० च्या आसपास फ्रेम हललेल्या, त्यांत आईचे डोळे भरून आलेले तीन फोटो. त्यातला एक वाचला, कारण त्या क्षणी ती पूर्ण स्तब्ध होती.

जागेवर केलेली दुरुस्ती: मोड डायलवरच्या १ क्रमांकाच्या खुणेला १/२५० ची, २ ला १/५०० ची सेटिंग कायमची बांधली. आता काहीही बदललं तरी डायल फिरवून परत आणला की मूळ सेटिंग येते. शिवाय दर पंधरा मिनिटांनी, बसलेल्या जागी, स्क्रीन अंगावरच्या कपड्याआड झाकून एक फ्रेम मोठी करून बघणं सुरू केलं. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. स्क्रीन बंद ठेवण्याचा निर्णय योग्य होता, मध्ये मध्ये तपासायचं नाही असा अर्थ त्यातून काढला गेला ती चूक.

आवाजाचं: शांततेत मेकॅनिकल शटरचा खटका तीन रांगांपर्यंत जातो. बोलणं किंवा संगीत चालू असतानाच फोटो, पूर्ण शांततेत कॅमेरा खाली.

दुपारी १:०० : बाहेर, भर उन्हात

आतून बाहेर येताना एफ/१.८ तसंच राहिलं. उन्हात आयएसओ १०० ला एफ/१.८ वर साधारण १/८००० शटर लागतं. या बॉडीचं मेकॅनिकल शटर १/४००० वर संपतं, म्हणून ३४ फ्रेम एक स्टॉप जास्त उजळ. रॉ असल्याने बऱ्याच सावरल्या, कपाळावरची चमक मात्र गेली ती गेलीच. नंतर एफ/४.

डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. मंडपाच्या कडेला, सावलीच्या आत पण उन्हाकडे तोंड करून लोक उभे होते, तिथे उजेड जमिनीवरून उसळून चेहऱ्यावर येत होता. अर्धा तास त्याच पट्ट्यात थांबलो.

दुपारी २:०० : जेवण

घास तोंडात असलेल्या कोणाचाही फोटो नाही. कॅमेरा पिशवीत, कार्ड बदललं, बॅटरी बदलली, पाणी प्यायलं. जेवून झाल्यावर मागे रेंगाळणारे म्हातारे आणि टेबलाखाली शिरलेली मुलं हा वेगळा खजिना आहे. मुलांसाठी जमिनीवर बसावं लागतं. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसती डोकी येतात.

संध्याकाळी ६:३० : नाच

३५ मिमी, किमान १/५००, एफ/२, कमाल आयएसओ १२८०० वर नेला.

रंगीत एलईडीने सगळ्यात जास्त छळलं. निव्वळ लाल किंवा निळ्या प्रकाशात सेन्सरच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनलपैकी एकच भरतो. हिस्टोग्रामचा म्हणजे उजेडाच्या वाटणीचा साधा आलेख मधोमध दिसत होता, पण लाल चॅनल पूर्ण जळालेला. चेहऱ्याचा सपाट लाल गोळा, नाक-गालाचा उठाव गायब. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू केल्यावर हे कळलं. उपाय −१ एक्स्पोजर, आणि मुख्यतः वाट बघणं. दिव्यांची फेरी ठरलेली असते, दर वीसेक सेकंदांनी पांढरा झोत येत होता. तेवढाच क्षण पकडायचा.

नाचणाऱ्यांपेक्षा कडेला उभे राहून टाळ्या वाजवणारे जास्त चांगले आले. ते एका जागी असतात, आणि त्यांना कोणीतरी आत ओढत नेतानाचा फोटो तर हमखास मिळतो.

रात्री ८ वाजता कॅमेरे बंद. एकूण १,८४६ फ्रेम, साधारण ४६ जीबी.

त्याच रात्री

झोपण्याआधी दोन प्रती: लॅपटॉपवर एक, बाहेरच्या डिस्कवर एक. जुना यूएसबी २ कार्ड रीडर वापरल्याने एका प्रतीला २५ मिनिटं लागली. नव्या रीडरने दहा मिनिटांत झालं असतं. फाइलची संख्या जुळवली, प्रत्येक कार्डाची पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम उघडून बघितली. कार्डं फॉरमॅट न करता डबीतच ठेवली.

लग्नानंतर १ दिवस

सगळे फोटो वेळेनुसार लावले आणि क्रम विस्कटला. लोक आत येण्याआधीच खुर्च्यांवर बसलेले. उसन्या बॉडीचं घड्याळ ११ मिनिटं ४० सेकंद मागे होतं. आदल्या दिवशीचे मोबाइलच्या घड्याळाचे दोन फोटो इथे वाचवून गेले. फोटोत दिसणारी वेळ आणि फाइलमध्ये नोंदलेली वेळ यांतला फरक नेमका मिळाला. डिजिकॅम या फोटो हाताळायच्या प्रोग्राममध्ये दुसऱ्या बॉडीच्या सगळ्या फाइल एकत्र निवडून वेळ तेवढी पुढे सरकवली. शोधण्यात पाऊण तास गेला, दुरुस्तीला पाच मिनिटं. हे मूळ फाइलवर न करता प्रतीवर करावं.

लग्नानंतर ३ ते ५ दिवस : छाननी

पहिल्या फेरीत प्रश्न एकच, ठेवायचा की काढायचा. एका फ्रेमला दोन-तीन सेकंद. रॉ फाइल पूर्ण उघडत बसलं तर फ्रेममागे चार-पाच सेकंद नुसते वाट बघण्यात जातात. तिच्या आत आधीच असलेला जेपीईजी दाखवणारा प्रोग्राम वापरला.

१,८४६ पैकी १,४३४ बाद. कारणांची नोंद ठेवली: हालचालीने हललेले ३९१, फोकस चुकलेले २६८, डोळे मिटलेले किंवा बोलताना तोंड वेडंवाकडं ३१२, मध्ये कोणी आलेलं १४७, एकाच क्षणाच्या जादा फ्रेम ३१६. हललेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त त्या २३ मिनिटांतले.

राहिलेल्या ४१२ वर एक दिवस नजर टाकली नाही. ताज्या आठवणीत सगळेच फोटो चांगले वाटतात. नंतर दुसऱ्या फेरीत १६८ उरले: ५० मिमीचे १०९, ३५ मिमीचे ५९. फोटोतला माणूस स्वतःला बघून अवघडेल असं वाटलं की तो बाद, तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगला असला तरी.

लग्नानंतर ७ ते १० दिवस : एडिटिंग

चार संध्याकाळी, एकूण ११ तास. आधी सगळ्यांचा व्हाइट बॅलन्स, उजेडाच्या गटांप्रमाणे: खिडकी, स्टेज, खुर्च्या, बाहेर, नाच. प्रत्येक गटातला एक फोटो नीट करून सेटिंग बाकीच्यांवर उतरवली. पहिल्या संध्याकाळी एकेक फोटो सुटा करत बसल्याने शेजारशेजारच्या दोन फोटोंत त्वचेचा रंग वेगळा आला, ते सगळं पुन्हा करावं लागलं.

खिडकी आणि पिवळा दिवा एकत्र आलेले १४ फोटो काही केल्या जमेनात, ते कृष्णधवल केले. लाल दिव्यातल्या नाचाचेही ९ तसेच. कृष्णधवल करताना जळालेला लाल चॅनल सोडून हिरव्यावर भर दिला, कारण चेहऱ्याचा उठाव तिथे शिल्लक होता. नॉइज मात्र तिथेच जास्त असतो, तेवढा दाणा राहू दिला.

नॉइज कमी करताना स्लायडर अर्ध्याच्या पुढे नेला की भुवया आणि केस मेणासारखे होतात. आयएसओ ६४०० चे फोटो १०० टक्के मोठे केल्यावर दाणेदार आहेत, छापल्यावर दाणा जाणवत नाही. त्वचा गुळगुळीत करणं, माणसं बारीक करणं असलं काही नाही. क्रॉप आणि क्षितिज सरळ करणं, एवढंच.

लग्नानंतर १३ दिवस : सुपूर्द

पहिला एक्स्पोर्ट चुकला. एडिटिंगची रंगजागा (फाइलमधले रंग मोजायची पट्टी) अ‍ॅडोबी आरजीबी होती, तीच फाइलमध्ये गेली. ज्या प्रोग्रामला रंगजागा कळत नाही तिथे असे फोटो फिके, मरगळलेले दिसतात. सगळे पुन्हा एसआरजीबीमध्ये काढले. दोन संच: छापायला पूर्ण आकाराचे, जेपीईजी गुणवत्ता ९२, मोबाइलवर बघायला लांब बाजू २०४८ पिक्सेल, गुणवत्ता ८५. स्थळाची जीपीएस नोंद दोन्ही संचांतून काढली. फाइलच्या नावाची सुरुवात तारीख आणि वेळेने, म्हणजे कुठल्याही उपकरणावर क्रम टिकतो.

फोटो आधी फक्त नवरा-नवरीला दिले, बाकीच्यांना त्यांनी बघितल्यावर. त्यांनी दोन काढायला सांगितले. एकात एक नातेवाईक रडताना होती आणि तिला तो नको होता, दुसऱ्यात मागे नको असलेल्यांच्या यादीतलं एक माणूस अर्धवट आलं होतं. हा दुसरा छाननीत सुटायला नको होता. यादी फक्त पुढच्या चेहऱ्यांशी ताडली होती, बॅकग्राउंडशी नाही. मग १६८ च्या १६८ फ्रेम मागच्या चेहऱ्यांसाठी पुन्हा बघितल्या, त्याला ४० मिनिटं लागली. आणखी कोणी सापडलं नाही. दोन्ही फोटो सगळ्या प्रतींतून काढले, १६६ राहिले.

त्यानंतर कार्डं फॉरमॅट केली, उसन्या बॉडीचं घड्याळ लावलं आणि ती परत दिली.